ज्वारीचे पोंगे, हळद, सरकी आणि बारावीचं ऑरगॅनिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावी आणि बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांत मराठवाड्यातल्या कॉलेजांमध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे, म्हणजे कार्बनी संयुगांच्या रसायनशास्त्राचे, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. उदाहरणं शक्य तिथे आपल्याच शिवारातली घेतली आहेत, कारण पुस्तकातली निम्मी प्रकरणं तिथे रोज घडत असतात.

रिअ‍ॅक्शन्स पाठच होत नाहीत. नेमकं काय करायचं?

पाठ करण्यासारखं फार थोडं आहे, आणि तेही शेवटी करायचं. कोणतीही अभिक्रिया समोर आली की आधी एवढंच शोधा: इलेक्ट्रॉनची जोडी द्यायला कोण तयार आहे, आणि ती घ्यायला जागा कोणाकडे आहे? देणारा न्यूक्लिओफाइल, घेणारा इलेक्ट्रोफाइल. कार्बोनिल गटात (कार्बन आणि ऑक्सिजन यांचा दुहेरी बंध) ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे कार्बनवर थोडा धन प्रभार येतो. मग त्या कार्बनवर सायनाइड येतो, अमीन येतं, अल्कोहोल येतं, ग्रिग्नार्ड अभिकर्मक येतो. पुस्तकात ही वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली समीकरणं आहेत. वहीच्या एकाच पानावर ती एकाखाली एक लिहून काढा, पहिला टप्पा सगळीकडे सारखाच दिसेल.

बाण काढताना होणारी चूक जवळपास प्रत्येक वहीत सापडते: प्रोटॉनकडून ऑक्सिजनकडे बाण. प्रोटॉनकडे द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत. बाण नेहमी जोडीपासून किंवा बंधापासून निघतो.

नावाच्या अभिक्रियांच्या अटी मात्र पाठ कराव्या लागतात. त्याही कारणासकट करा. रोझेनमुंड अभिक्रियेत आम्ल क्लोराइडचं हायड्रोजनने क्षपण करून अल्डिहाइड करतात. तिथे पॅलेडियमबरोबर बेरियम सल्फेट असतं, ते उत्प्रेरकाचा जोर कमी करतं, म्हणून क्षपण अल्डिहाइडवर थांबतं आणि पुढे अल्कोहोलपर्यंत जात नाही. कारण माहीत असलं की अट विसरत नाही.

एसएन-१ की एसएन-२, प्रश्नात कसं ओळखायचं?

दोन्हींत हॅलोजनची जागा न्यूक्लिओफाइल घेतो. एसएन-१ मध्ये हॅलोजन आधी निघून जातो, एसएन-२ मध्ये न्यूक्लिओफाइल मागून हल्ला करतो आणि त्याच वेळी हॅलोजन सुटतो. हॅलोजन लागलेल्या कार्बनकडे बघा. प्राथमिक असेल तर एसएन-२, तृतीयक असेल तर एसएन-१. द्वितीयक असेल तर द्रावक ठरवतो: पाणी-अल्कोहोल असेल तर एसएन-१ ला मदत, अ‍ॅसिटोन किंवा डीएमएसओ असेल तर एसएन-२ ला. अलिलिक आणि बेंझिलिक हॅलाइड दोन्ही वाटांनी जातात. निओपेंटिल ब्रोमाइड हा खास सापळा आहे: नावाला प्राथमिक, पण शेजारच्या कार्बनवर इतकी गर्दी की मागून हल्ला करायला वाटच उरत नाही, म्हणून एसएन-२ अतिशय मंद.

हे नुसतं वाचण्यापेक्षा परीक्षानळीत एकदा बघा. एका नळीत २ मिली अल्कोहोलिक सिल्व्हर नायट्रेट (१ ते २ टक्के), दुसरीत २ मिली सोडियम आयोडाइडचं अ‍ॅसिटोनमधलं १५ टक्के द्रावण. दोन्हींत तृतीयक ब्यूटिल क्लोराइडचे दोन-दोन थेंब टाका. सिल्व्हर नायट्रेटच्या नळीत लगेच पांढरा साका (न विरघळणारा गाळ) येतो, आयोडाइडच्या नळीत काहीच होत नाही. १-ब्रोमोब्यूटेन घेतलं की चित्र उलटतं: आयोडाइडच्या नळीत थोड्याच वेळात सोडियम ब्रोमाइडचा साका, सिल्व्हर नायट्रेटच्या नळीत मात्र वाट पाहावी लागते किंवा गरम करावं लागतं. अ‍ॅसिटोन कोरडं हवं. त्यात पाणी असेल तर सोडियम ब्रोमाइड विरघळून राहतं आणि अभिक्रिया झालीच नाही असं वाटतं.

पेरॉक्साइड टाकल्यावर मार्कोव्हनिकॉव्हचा नियम फक्त हायड्रोजन ब्रोमाइडलाच का उलटतो?

मार्कोव्हनिकॉव्हच्या नियमानुसार दुहेरी बंधावर हायड्रोजन हॅलाइड जुळताना हायड्रोजन जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनवर जातो. पेरॉक्साइडमुळे अभिक्रिया मुक्त मूलकांची (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांची) होते आणि तिचे दोन टप्पे सतत फिरत राहावे लागतात: हॅलोजन मूलक दुहेरी बंधावर बसतो, मग तयार झालेला कार्बन मूलक दुसऱ्या हायड्रोजन हॅलाइडमधला हायड्रोजन काढतो. हायड्रोजन क्लोराइडचा बंध फार मजबूत, सुमारे ४३१ किलोज्यूल प्रति मोल. कार्बन मूलकाला त्यातला हायड्रोजन सहज काढता येत नाही, साखळी तिथेच अडते. हायड्रोजन आयोडाइडचा बंध सुमारे २९९, हायड्रोजन लगेच मिळतो; पण आयोडीन मूलक दुहेरी बंधावर बसणंच ऊर्जेच्या दृष्टीने परवडत नाही. ब्रोमाइडला, ३६६ च्या आसपास, दोन्ही टप्पे जमतात. बोर्डाच्या उत्तरात दोन्ही टप्प्यांचा उल्लेख करा. फक्त ‘बंध मजबूत आहे’ एवढं लिहिलं तर आयोडाइडचं कारण सुटतं.

कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, त्यात कोणतं रसायनशास्त्र आहे?

बारावीच्या ‘अल्डिहाइड व कीटोन’ प्रकरणातली सायनोहायड्रिनची अभिक्रिया, पण उलट दिशेने.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं संयुग असतं. त्याची रचना तीन तुकड्यांची समजा: एक ग्लुकोज, एक पॅरा-हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाइडचा भाग आणि त्याच्या कार्बोनिल कार्बनला चिकटलेला सायनाइड. ग्लुकोज जोडलेलं आहे तोवर हे संयुग टिकून राहतं. धुरिन पेशीतल्या एका कप्प्यात असतं आणि त्याला तोडणारं एन्झाइम दुसरीकडे. जनावराने पान चावलं की कप्पे फुटतात आणि दोन्ही एकत्र येतात. एन्झाइम पाण्याच्या मदतीने ग्लुकोज सोडवतं, मागे उरतं सायनोहायड्रिन. ते टिकत नाही: हायड्रॉक्सिल गटाचा प्रोटॉन जातो, ऑक्सिजनची जोडी कार्बनकडे वळून दुहेरी बंध बनवते आणि सायनाइड बाहेर पडतो. हाती येतं पॅरा-हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड.

पुस्तकात तुम्ही अल्डिहाइडमध्ये हायड्रोजन सायनाइड मिळवून सायनोहायड्रिन करता, आणि तिथे समतोलाचं चिन्ह, म्हणजे दुहेरी बाण असतो. तो बाण बहुतेक जण उतरवून घेतात आणि विसरतात. इथे त्याच बाणामुळे जीव जातो. हायड्रोजन सायनाइड साधारण २६ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे ते वायू होऊन निसटतं आणि समतोल आणखी मोडण्याच्या बाजूला झुकतो. या अभिक्रियेत आधी सायनाइड आयनच कार्बनवर येतो, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ आर्थर लॅपवर्थ यांनी १९०३ मध्ये दाखवलं. नुसतं हायड्रोजन सायनाइड मंदपणे जुळतं आणि थोडा आम्लारी टाकल्यावर वेग का वाढतो, याचं उत्तर त्यातच आहे: आम्लारीमुळे सायनाइड आयन वाढतात.

शेताच्या बाजूने: पाण्याचा ताण बसून खुरटलेली ज्वारी आणि कापणीनंतर बुडख्याला फुटलेले पोंगे सर्वांत धोक्याचे. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत हिरवं चारू नये. कापून नीट वाळवलेल्या कडब्यात धोका बराच उतरतो, मुरघासातही कमी होतो. जनावर धापा टाकायला लागलं तर वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवावं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही इंजेक्शनं तेच देऊ शकतात. पिकलेल्या दाण्यात धुरिन नगण्य असतं, भाकरीची चिंता नको.

हळदीतून कर्क्युमिन कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढता येतं का?

येतं, आणि प्रकल्पासाठी हा चांगला विषय आहे. हिंगोली-वसमतकडची शिजवून वाळवलेली अख्खी हळकुंडं आणा आणि स्वतः दळा. दुकानातल्या पुडीत भेसळ असेल तर सगळा प्रयोगच वाया जातो.

१० ग्रॅम पूड, ६० ते ७० मिली ९५ टक्के इथेनॉल, रिफ्लक्स कंडेन्सर लावून वॉटर बाथवर एक तास. गरम असतानाच गाळा. गाळलेल्या द्रावणातलं अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने काढून घ्या. उघड्या ज्योतीवर नाही, इथेनॉल पेट घेतं. खाली राहतो नारिंगी, चिकट गोळा. इथेच बहुतेकांचं अडतं: स्फटिक येत नाहीत. तो चिकटपणा हळदीच्या सुगंधी तेलाचा, मुख्यतः टर्मेरोनचा असतो. १५ मिली हेक्झेनने हा गोळा दोनदा ढवळून धुवा आणि हेक्झेन ओतून टाका. तेल हेक्झेनमध्ये जातं, कर्क्युमिन जात नाही. उरलेली पूड थोड्याच गरम अल्कोहोलमध्ये विरघळवा, भांडं झाकून रात्रभर थंड ठेवा.

हळदीत कर्क्युमिन-वर्गीय संयुगं साधारण २ ते ५ टक्के. म्हणजे १० ग्रॅममध्ये फार तर २०० ते ५०० मिलिग्रॅम, आणि हाती त्याहून कमीच येणार. एक ग्रॅम मिळालं असेल तर त्यात द्रावक किंवा तेल शिल्लक आहे असं समजा. शुद्ध कर्क्युमिन सुमारे १८३ अंशाला वितळतं. तुमचं त्याच्या खूप खाली आणि रेंगाळत वितळेल, कारण ते मिश्रण आहे. सिलिका प्लेटवर क्लोरोफॉर्म व मेथॅनॉल ९५:५ या मिश्रणात टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी) केली की तीन पिवळे ठिपके दिसतात. सर्वांत वरचा कर्क्युमिन, मधला एक मिथॉक्सी गट कमी असलेला, खालचा दोन्ही नसलेला. हायड्रॉक्सिल-मिथॉक्सी गटांचा सिलिकाशी संबंध इतका स्पष्ट दाखवणारा दुसरा स्वस्त प्रयोग नाही. प्लेट फ्यूम हूडमध्येच चालवा आणि लगेच फोटो काढा, उन्हात ठिपके फिके पडतात.

हळदीचा डाग साबणाने लाल का होतो?

साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं. सामू ८ च्या पुढे गेला की कर्क्युमिनचे आम्लधर्मी प्रोटॉन निघतात, ऋण प्रभार अख्ख्या रेणूभर पसरतो आणि रंग पिवळ्यावरून तांबूस होतो. लिंबू पिळलं की परत पिवळा. पारंपरिक कुंकू करताना हळदीत चुना, टाकणखार घालतात त्यामागेही हाच गुण आहे. अल्कलीत कर्क्युमिन फार वेळ ठेवू नका, रेणू तुटून व्हॅनिलिन आणि फेरुलिक आम्लासारखे तुकडे होतात. हळदीतून कर्क्युमिन काढताना सोडा का वापरायचा नाही, हे त्यावरूनच कळतं.

टॉलेन्स टेस्टमध्ये आरसा येत नाही, काळा गाळ येतो. काय चुकतं?

या चाचणीत अल्डिहाइड चांदीच्या आयनांचं क्षपण करतं आणि काचेवर चांदीचा आरसा धरतो. तो न येण्याचं कारण बहुतेक वेळा नळी. चांदीला बसायला स्वच्छ काच लागते, तेलकट काचेवर ती काळी भुकटी होऊन खाली जाते. नळी आधी गरम सौम्य नायट्रिक आम्लाने, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असतं. त्याच पाण्याने नळी विसळली तर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गढूळपणा सुरुवातीलाच येतो आणि विद्यार्थी तो ‘निष्कर्ष’ म्हणून लिहून टाकतात.

अभिकर्मक असा करा: ५ टक्के सिल्व्हर नायट्रेट २ मिली, त्यात १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब. तपकिरी साका येतो. सौम्य अमोनिया (सुमारे २ टक्के) थेंबाथेंबाने, प्रत्येक थेंबाला हलवत, साका जेमतेम नाहीसा होईपर्यंत. अमोनिया जास्त झाला की चांदीचे आयन घट्ट बांधले जातात आणि चाचणी बोथट होते. आता द्रव अल्डिहाइडचे दोन-तीन थेंब, किंवा चिमूटभर ग्लुकोज १ मिली पाण्यात. नळी ६० अंशाच्या वॉटर बाथमध्ये पाच मिनिटं उभी ठेवा. हलवू नका.

हा अभिकर्मक बाटलीत भरून उद्यासाठी ठेवायचा नाही. त्यातून सिल्व्हर नायट्राइड तयार होतं, ते नुसत्या धक्क्यानेही फुटतं. तास संपायच्या आत सगळ्या नळ्यांत सौम्य नायट्रिक आम्ल घालून मग टाका. या एका सूचनेत सवलत नाही.

गूळ फेहलिंग टेस्ट देतो, साखर देत नाही. दोन्ही उसाचेच ना?

फेहलिंगच्या निळ्या, तांब्याच्या अल्कधर्मी द्रावणाचं क्षपण झालं की लाल साका येतो. साखरेत ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांत अडकलेले असतात. दोघांचेही क्षपण करू शकणारे कार्बन बांधले गेल्यामुळे वलय उघडून अल्डिहाइड मिळत नाही. उसाचा रस मुळात किंचित आम्लधर्मी. कढईत तापताना साखरेचा काही भाग पाण्याने फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटे होतात, ते गुळात राहतात आणि फेहलिंग लाल होतं. गुऱ्हाळात रसाला चुना देतात त्याचा एक उपयोग हा: सामू वाढला की हे फुटणं कमी होतं. तोडून दोन-तीन दिवस पडलेल्या उसाच्या रसात ही फूट आधीच झालेली असते, म्हणून त्याचा गूळ नीट बसत नाही.

साखरेवर हाच प्रयोग करताना ५ मिली ५ टक्के द्रावणात १ मिली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाच मिनिटं उकळा, आणि मग फेस थांबेपर्यंत सोडियम कार्बोनेट टाका. ही पायरी गाळली तर फेहलिंगची अल्कलीच संपते आणि चाचणी नकारात्मक येते. फ्रुक्टोज कीटोन असूनही फेहलिंग देतं, कारण अल्कलीत ते इनडायॉलमार्गे अल्डिहाइडमध्ये बदलतं. यावर प्रश्न हमखास येतो.

जालन्याच्या गोड मोसंबीचा रस तासाभराने कडू का होतो?

फळात लिमोनिनचं बिनकडू रूप असतं, ज्यात एक लॅक्टोन वलय (वलयात बसलेलं एस्टर) उघडं आहे. रस काढला की ते आम्लधर्मी रसात मिसळतं आणि उघडं वलय मिटतं: त्याच रेणूतला हायड्रॉक्सिल त्याच रेणूतल्या कार्बॉक्सिल आम्लावर जातो, पाणी बाहेर पडतं, एस्टर बनतं. हे मिटलेलं रूप म्हणजे लिमोनिन, आणि लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या आसपासही ते जिभेला कळतं. आम्ल उत्प्रेरक असलेलं हे अंतर्गत एस्टरीकरण. तापवल्यास वेग वाढतो. बिया आणि पांढरा पापुद्रा मिक्सरमध्ये चिरडला की जास्त कडू, कारण कच्चा माल तिथेच आहे.

असममित कार्बन नसेल तर संयुग प्रकाशसक्रिय असूच शकत नाही ना?

असू शकतं. सरकीतलं गॉसिपॉल हे उत्तम उदाहरण. ३० कार्बन, ३० हायड्रोजन, ८ ऑक्सिजन. दोन सारखे नॅफ्थलीनचे अर्धे भाग एकाच एकेरी बंधाने जोडलेले. त्या बंधाशेजारी गट इतके दाटलेले की तो फिरू शकत नाही. त्यामुळे अख्खा रेणू डावा किंवा उजवा असा अडकून राहतो, आणि चार वेगळे गट असलेला एकही कार्बन नसताना तो आपल्या प्रतिबिंबावर बसत नाही. असा पहिला पुरावा १९२२ मध्ये डायफेनिक आम्लाच्या डायनायट्रो रूपावर मिळाला. नीटमध्ये हे क्वचित विचारतात, सीएसआयआर-नेट आणि जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) यांत नक्की.

गॉसिपॉलवर दोन अल्डिहाइड गटही आहेत. तेल काढताना उष्णतेत ते प्रथिनांतल्या लायसीनच्या अमीन गटाशी जुळून शिफ बेस (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) बनवतात. विष कमी होतं, पण लायसीनही अडकतं. म्हशीच्या रुमेनमध्ये (पोटाच्या पहिल्या कप्प्यात) हे बांधलं जाणं आपोआप होतं, म्हणून सरकी पेंड तिला चालते. कोंबडीला ही सोय नाही, तिच्या अंड्यातला बलक हिरवट पडतो.

करडईच्या तेलाचा साबण घट्टच होत नाही. प्रमाण चुकलं का?

प्रमाण बरोबर असलं तरी तो मऊच राहणार. करडईत सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं. त्याच्या साखळीतल्या दोन दुहेरी बंधांमुळे रेणू वाकडे असतात आणि घट्ट रचले जात नाहीत. खोबरेल तेल मिसळा: ४० ग्रॅम करडई आणि १० ग्रॅम खोबरेल. करडईला ग्रॅममागे सुमारे ०.१३६ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, खोबरेलला ०.१८३. एकूण ७.२७ ग्रॅम. त्यातलं ५ टक्के कमी करून ६.९ ग्रॅम घ्या, म्हणजे साबणात मोकळी अल्कली उरत नाही. प्रयोगवहीत १० ग्रॅम तेलाला २० मिली २० टक्के द्रावण लिहिलेलं असतं, ते अभिक्रिया लवकर व्हावी म्हणून मुद्दाम जास्त आहे. तो साबण अंगाला लावायचा नाही. सोबतचं १० मिली इथेनॉल तेल आणि अल्कली यांना एकाच द्रावणात आणण्यासाठी असतं.

निंबोळी अर्क उकळून केला तर जास्त जोरदार होईल का?

उलट, निकामी होईल. कीड रोखणारं मुख्य संयुग अझाडिरॅक्टिन उष्णता, ऊन आणि अल्कली तिन्हींना नाजूक आहे. त्यात एस्टर, इपॉक्साइड, हेमिअ‍ॅसिटल असे सहज तुटणारे गट दाटीने आहेत. १९६८ मध्ये ते वेगळं केलं गेलं, त्याची रचना पक्की व्हायला १९८५ उजाडलं, आणि केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाने ते संपूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलं ते २००७ मध्ये. अझाडिरॅक्टिन कारखान्यात बनवण्यापेक्षा निंबोळीतून काढणंच का परवडतं, हे या तारखांवरून समजतं.

५ टक्के अर्कासाठी: सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची ५ किलो भरड, १० लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी फडक्याने गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून त्यात मिसळा, एकूण १०० लिटर करा. साबण अल्कधर्मी आहे, म्हणून तो फवारणीच्या अगदी आधी, आणि फवारणी संध्याकाळी. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा बराच भाग कॅल्शियमबरोबर चोथा होऊन जातो आणि नोझल तुंबतं. अशा वेळी साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

अ‍ॅस्पिरिनचा उतारा कमी येतो. का?

२ ग्रॅम सॅलिसिलिक आम्लातून जास्तीत जास्त २.६१ ग्रॅम मिळू शकतं. १.८ ग्रॅम आलं तर ६९ टक्के, आणि ते चांगलं आहे. भांडं ओलं असेल तर ५ मिलीतलं काही अ‍ॅसेटिक अनहायड्राइड पाण्याशीच संपतं. पुनर्स्फटिकीकरणात पाण्यात फार वेळ उकळलं तर अ‍ॅस्पिरिन तुटतं, व्हिनेगरचा वास येतो. फेरिक क्लोराइडने जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक आम्ल शिल्लक आहे.

सीताफळाच्या बियांतलं संयुग प्रकल्पासाठी काढावं का?

शाळेच्या पातळीवर नको. बियांतली अ‍ॅसिटोजेनिन लांब मेदसाखळीला लॅक्टोन वलय जोडलेली संयुगं आहेत आणि ती पेशींच्या ऊर्जानिर्मितीलाच अडवतात. बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. उवांसाठी ती डोक्याला लावल्याने असं घडतं. पूड डोळ्यात गेलीच तर भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवावा, चोळू नये, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावं.